उंदीर खोटा ठरला म्हणणाऱ्यांना

स्वमग्नतेवरचे औषध उंदरावर चालते, माणसावर चालत नाही. तेव्हा उंदरांचा हा पसारा आता आवरता घ्यावा, असे एक मत गेल्या दहा-बारा वर्षांत चांगलेच रुजले आहे. ते अडाण्यांचे मत नाही. त्यात बालरोगतज्ज्ञ आहेत, विशेष मुलांच्या शाळा चालवणारे आहेत, आशेने एकदा पोळलेले आईबाप आहेत. आमच्या बदलापूरजवळच्या चामटोलीत ‘संगोपिता’ ही विशेष व्यक्तींची निवासी संस्था आहे, त्यामुळे इथे हा विषय वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीपुरता राहत नाही. मोबाइलवर ‘स्वमग्नतेचा रिसेप्टर सापडला’ अशी बातमी फिरत येते आणि वाचणारा एवढेच म्हणतो, ‘उंदरांवर ना? मग सोडा.’ या उत्तरामागचा वैताग मला समजतो. त्यामागचा युक्तिवाद मला अमान्य आहे. तो का, ते सांगतो. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष आधी पुरता मांडला पाहिजे. प्रतिपक्षाच्या तोंडी लेचेपेचे शब्द घालून वाद जिंकण्यात काही मजा नाही.

त्याचा पहिला आक्षेप वर्तनाबद्दल आहे. उंदराचे ‘सामाजिक वर्तन’ मोजतात कसे? पारदर्शक पेटीचे तीन कप्पे असतात. मधल्या कप्प्यात उंदीर सोडायचा. एका बाजूला जाळीच्या पालथ्या पेल्याखाली अनोळखी उंदीर. दुसऱ्या बाजूला तसाच पेला, पण रिकामा. पुढची दहा मिनिटे आपला उंदीर कुठल्या पेल्याशी किती सेकंद घुटमळतो हे घड्याळ लावून टिपायचे. जॅकलिन क्रॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास ही चाचणी रूढ केली. अनोळखी उंदराशी जास्त वेळ गेला तर तो ‘सामाजिक’. दोन्ही पेल्यांशी सारखाच गेला तर ‘स्वमग्नतेसारखा’. पूर्वपक्ष विचारतो: नजरेला नजर न देणारा, पण कर्जत लोकलचे वेळापत्रक तोंडपाठ असलेला मुलगा कुठे आणि पेला हुंगणारा उंदीर कुठे?

दुसरा आक्षेप निकालांचा, आणि तो खरोखर जड आहे. एमग्लुआर५ या रिसेप्टरला, म्हणजे चेतापेशीवरच्या निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, अडवणारे मॅव्होग्लुरँट हे औषध नोव्हार्टिसने फ्रॅजाइल एक्स हा जनुकीय विकार असलेल्या १७५ प्रौढांना आणि १३९ किशोरांना १२ आठवडे देऊन पाहिले. २०१६ मध्ये निकाल छापून आला. प्लासिबोहून सरस काही नाही. रॉशचे त्याच जातीचे बॅसिमग्लुरँटही तसेच पडले. ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा फवारा ३ ते १७ वर्षांच्या २९० मुलांवर २४ आठवडे तपासला गेला; २०२१ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला निकाल सांगतो की मुलांच्या एकलकोंडेपणात फरक पडला नाही. व्हॅसोप्रेसिनचा व्ही१ए रिसेप्टर अडवणाऱ्या बॅलोव्हॅप्टनची प्रौढांवरची मोठी चाचणी तर मध्येच थांबवावी लागली, कारण पुढे जाण्यात अर्थ उरला नव्हता. तीन रिसेप्टर, तिन्हींची उंदरांत आणि त्यांच्या भाऊबंदांत गाजलेली कामगिरी, आणि माणसांत तिन्हींचा बोजवारा.

तिसरा आक्षेप पैशाचा. विशेष शिक्षक मिळत नाहीत, स्पीच थेरपीसाठी लेकराला कडेवर घेऊन बदलापूरहून ठाण्या-दादरची गाडी पकडावी लागते, आणि कोटीच्या कोटी उंदरांवर?

पूर्वपक्ष एवढा. आता उत्तर.

सुरुवात दुसऱ्या आक्षेपापासून करतो, कारण खरी लढाई तिथेच आहे. फ्रॅजाइल एक्समध्ये एक्स गुणसूत्रावरचे एफएमआर१ हे जनुक बंद पडते. एकाच जनुकातल्या बिघाडाने होणाऱ्या स्वमग्नतेचे हे सर्वांत मोठे कारण. ग्लुटामेट हा मेंदूतला मुख्य उत्तेजक निरोप्या; तो एमग्लुआर५ वर बसला की चेतासंधीपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडापाशी, नवी प्रथिने बनू लागतात. एफएमआर१ जनुकाचे प्रथिन या कामाला लगाम घालते. लगामच नसेल तर? मार्क बेअर, किंबर्ली ह्यूबर आणि स्टीफन वॉरन यांनी २००४ मध्ये सिद्धान्त मांडला की फ्रॅजाइल एक्सचे बरेचसे दुखणे या बेलगाम रिसेप्टरचे आहे. २००७ मध्ये गुल डोलेन आणि बेअर यांनी असे उंदीर तयार केले ज्यांत एफएमआर१ नाही आणि एमग्लुआर५ निम्माच आहे. बहुतेक दोष दुरुस्त झाले. औषध कंपन्या धावल्या त्या या निकालामागे.

आता तो निकाल पुन्हा वाचा. त्या उंदरांत रिसेप्टर निम्मा होता तो गर्भधारणेच्या क्षणापासून. औषध दिले गेले ते १२ वर्षांवरच्या, म्हणजे मेंदूची बरीचशी बांधणी आटोपलेल्या माणसांना. उंदराने सांगितले होते, ‘सुरुवातीपासून कमी असेल तर’. कंपनीने ऐकले, ‘केव्हाही कमी केले तर’.

पण याहून मोठी गोष्ट बंगळुरूची आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. बेअर यांचा सिद्धान्त उभा राहिला तो मुख्यतः हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागातल्या निरीक्षणांवर. सामाजिक वर्तनाशी, भीतीशी, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखण्याशी जास्त जवळचा भाग आहे अमिग्डाला. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने त्याच एफएमआर१ नसलेल्या उंदरांचा अमिग्डाला तपासला. २०१० मध्ये पीएनएएस या नियतकालिकात निबंध आला. काय दिसले? तिथे एमग्लुआर५ च्या वाटेने चेतासंधी बळकट होण्याची क्रिया अतिरेकी नव्हती. उलट ती खंगलेली होती. पेशीच्या पृष्ठभागावरचे एएमपीए हे ग्लुटामेटचेच दुसरे रिसेप्टरही कमी भरले. एमग्लुआर५ अडवणारे रसायन दिल्यावर एक दोष सुधारला, हे दोन सुधारले नाहीत. पुढे २०२१ मध्ये याच गटाने एफएमआर१ नसलेल्या रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, अमिग्डालात एमग्लुआर५ अडवण्याऐवजी चेतवून पाहिला. तेव्हा चेतासंधीची ताकद आणि भीतीची स्मृती दोन्ही सावरली.

म्हणजे एकाच प्राण्यात, एकाच जनुकाच्या अभावात, एकच रिसेप्टर मेंदूच्या एका खोलीत फार बोलतो आणि दुसऱ्या खोलीत फार कमी. तोंडावाटे घेतलेली गोळी दोन्हीकडे त्याला सारखीच गप्प करते. जो भाग आधीच मुका झाला होता, त्याला आणखी मुके करून आपण माणसांत मिसळण्याची अपेक्षा धरत होतो. साक्षीदाराच्या जबानीतले एकच वाक्य टिपून घेतले आणि दुसरे गाळले, तर खोटे कोण बोलले? २०१० चा निबंध चाचण्यांचे निकाल येण्याच्या कितीतरी आधी छापलेला होता. कुणी लपवलेला नव्हता.

आणखी एक वाक्य गाळले गेले. २०२१ मध्ये बेअर यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले की असे औषध रोज देत राहिले तर उंदीर त्याला सरावतो आणि गुण ओसरतो. उलट कोवळ्या वयात थोडाच काळ दिले तर गुण टिकून राहतो. माणसांना १२ आठवडे रोज दिले होते. हे नंतर कळले, हे मान्य. पण कळले ते उंदरांतूनच.

इथे माझ्या बाजूची एक दुबळी जागा मीच दाखवतो, म्हणजे ती शोधण्याचे श्रम प्रतिपक्षाला पडू नयेत. ‘वय उलटले होते म्हणून औषध फसले’ असे म्हणून भागत नाही. मॅव्होग्लुरँट पुढे ३२ महिने ते ६ वर्षे वयाच्या मुलांनाही दिले गेले, भाषा शिकवण्याच्या तालमीसह. तिथेही हाती काही लागले नाही. तेव्हा वय हा एकटा खुलासा पुरेसा नाही. पण अमिग्डालाचा आक्षेप तसाच उभा आहे आणि रोजच्या मात्रेचाही. एका खुलाशाची ताकद कमी झाली म्हणून संपूर्ण पुरावा रद्द होत नाही.

ऑक्सिटोसिनकडे वळू. या रसायनाचे नाव आपल्याकडे प्रयोगशाळेआधी तबेल्यात पोहोचले. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून ते टोचण्याचा धंदा इतका बोकाळला की २०१८ मध्ये केंद्राने त्याच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात ती रद्द केली. प्रसूतिगृहात कळा येईनात तर सलाइनमधून देतात तेही हेच. कासेत दूध, गर्भाशयात कळ, मेंदूत ओळख. रेणू एक, रिसेप्टर एक, परिणाम तीन. यावरून एवढे तरी कळावे की रिसेप्टरला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो कोणत्या पेशीवर बसला आहे, ती पेशी पुढे कुणाशी जोडलेली आहे, यावर सारे अवलंबून. मग त्याला ‘प्रेमाचे संप्रेरक’ म्हणून नाकात फवारल्यावर मूल माणसांत मिसळेल, हा तर्क मुळात कुणी केला? उंदराने नक्कीच नाही.

उंदराने सांगितले ते मोजूनमापून सांगितले होते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑक्सिटोसिन नसलेला उंदीर ओळखीच्या उंदराला ओळखेना; बाकीचे वास त्याला ठीक आठवत होते. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाने सीएनटीएनएपी२ हे जनुक नसलेल्या उंदरांत ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या पेशीच कमी असल्याचे दाखवले. त्यांना ते बाहेरून दिले तेव्हा वर्तन सुधारले. विधान एवढेच आहे: जिथे उणीव आहे तिथे भरपाई कामी येते. २९० मुलांची निवड अशी उणीव तपासून झाली होती का? नाही. ती सगळी ‘स्वमग्न’ होती, बस्स. निष्कर्षातली अट काढून टाकायची आणि मग निष्कर्ष खोटा ठरला म्हणायचे, याला न्याय म्हणत नाहीत.

आणि ऑक्सिटोसिनचा हा बडेजाव उतरवला तोही प्राण्यांनीच. जोडीने राहणारा प्रेअरी व्होल हा उंदरांच्या गोतातला प्राणी. ‘प्रेमाच्या संप्रेरका’ची सारी ख्याती त्याच्यावर उभी होती. २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नसलेले व्होल तयार केले गेले. त्यांनी जोड्या जमवल्या. पिलेही सांभाळली. एवढी चपराक माणसांवरच्या कुठल्या चाचणीने दिली असती?

यावर प्रतिपक्ष म्हणेल की काळवेळ, जागा, जनुक अशा सबबी तर कुठल्याही अपयशाला चिकटवता येतात. रास्त शंका आहे. म्हणून सबब आणि पुरावा यांतला फरक दाखवणारा एक प्रयोग सांगतो. तो स्वमग्नतेवरचा नाही, पण आमच्याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला झालेला आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांच्या गटाने उंदरांच्या पुढच्या मेंदूतल्या उत्तेजक पेशींवर एक घडवलेला रिसेप्टर बसवला. तो फक्त बाहेरून दिलेल्या एका रसायनानेच चेततो. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांत तो चेतवला, आणि पुढे सोडून दिला. मोठेपणी ते उंदीर चिंताग्रस्त निघाले, हताश वर्तन करू लागले. हाच रिसेप्टर, हेच रसायन, पण किशोर किंवा प्रौढ वयात चेतवला तेव्हा तसे झाले नाही. २०२० मध्ये ईलाइफ या नियतकालिकात हे आले. वय ही सबब नव्हे. वय ही मोजून दाखवलेली गोष्ट आहे. माणसाच्या तान्ह्या बाळावर हा प्रयोग कोण करणार होते?

आता पहिला आक्षेप, पेला हुंगण्याचा. इथे मी अर्धे मान्य करतो. तीन कप्प्यांच्या पेटीतले सेकंद म्हणजे सहानुभूती नव्हे, आणि ‘ऑटिझमचा उंदीर’ हा बातमीतला शब्दप्रयोग फसवा आहे. असा उंदीर जगात नाही. एफएमआर१ चा आहे, शँक३ चा आहे, सीएनटीएनएपी२ चा आहे. २०२० मध्ये पस्तीस हजारांवर माणसांची जनुके तपासून स्वमग्नतेशी निगडित १०२ जनुकांची यादी निघाली. एकेक उंदीर अशा एकेकाच जनुकाचा प्रतिनिधी. मोजमापही नाजूक आहे: १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच वंशांचे उंदीर, तीच उपकरणे, तेच वेळापत्रक ठेवूनही वर्तनाचे निकाल वेगवेगळे आले. पण हे उघड कुणी केले? उंदरांवर काम करणाऱ्यांनीच, आपण होऊन.

मान्य न होणारे अर्धे असे. उंदीर हुंगतो म्हणून त्याला हसायचे? उंदराचे समाजजीवन नाकातून चालते. समोरचा नर की मादी, ओळखीचा की परका, बरेचसे मूत्रातल्या गंधखुणांवरून ठरते. पुण्याच्या आयसरमध्ये निक्सन अब्राहम यांचा गट उंदीर गंध कसा ओळखतो, शिकतो, लक्षात ठेवतो यावर वर्षानुवर्षे काम करतो आहे. मादी उंदीर नराच्या गंधखुणेची जागा नाक आणि मिशा दोन्ही वापरून लक्षात ठेवते, हे त्यांच्याकडचे काम. तेव्हा उंदीर पेल्याशी थांबत नसेल तर पहिला प्रश्न ‘त्याला सोबत नकोशी आहे का’ हा नाही. ‘त्याला वास नीट येतो का, स्पर्श सोसतो का’ हा आहे. चांगले संशोधक हाच प्रश्न विचारतात.

तो विचारल्यावर काय हाती लागले पाहा. हार्वर्डमध्ये लॉरेन ओरेफिस आणि डेव्हिड गिंटी यांनी २०१६ मध्ये एमईसीपी२ हे जनुक मेंदूत शाबूत ठेवले आणि केवळ कातडीतून स्पर्श वाहून नेणाऱ्या चेतापेशींत काढून टाकले. मेंदू जसाच्या तसा. तरी ते उंदीर हलक्या स्पर्शानेही दचकू लागले, मोठेपणी चिंताग्रस्त झाले आणि इतर उंदरांपासून दूर राहू लागले. २०१९ मध्ये पुढची पायरी: मेंदूत शिरूच न शकणारे, पण कातडीकडच्या चेतापेशींवरच्या गाबा रिसेप्टरला चेतवणारे रसायन पिलांना लहानपणापासून दिले. स्पर्शाचा त्रास कमी झाला, चिंता कमी झाली, काही सामाजिक वर्तनही सुधारले. ज्याला आपण ‘सामाजिक’ दोष म्हणतो त्याचा एक धागा मेंदूबाहेर, कातडीत निघाला.

हे कुठल्याही आईला नवे नाही. शर्टाच्या गळ्यामागचे लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगात न घालणारे, केस कापताना वस्तरा नव्हे तर न्हाव्याचा हात मानेला लागला म्हणून किंचाळणारे मूल तिने पाहिलेले असते. तिला ते ‘हट्टी’ आहे असे सांगणारेही भेटलेले असतात. उंदराने तिची बाजू घेतली. या रसायनाचे माणसासाठी औषध होईल की नाही हा पुढचा प्रश्न. पण गर्दीतून दूर पळणारे मूल माणसांपासून नव्हे, स्पर्शापासून पळत असेल, ही शक्यता वर्तनाच्या नुसत्या निरीक्षणाने अशी वेगळी काढता आली असती का?

‘एकही वाट उंदरापासून माणसापर्यंत पोहोचली नाही’ हे सरसकट विधानही खरे नाही. रेट सिंड्रोम हा स्वमग्नतेचा सख्खा शेजारी. एमआयटीत मृगांक सूर यांच्या गटाने २००९ मध्ये आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाचा तीन अमिनो आम्लांचा तुकडा रेटच्या उंदरांना देऊन काही लक्षणे अंशतः मागे हटवली. त्याच तुकड्यावर बेतलेले ट्रोफिनेटाइड २०२३ मध्ये अमेरिकेत रेटवरचे पहिले मान्य औषध ठरले. गुण माफक आहे, जुलाबाचा त्रास मोठा आहे, किमतीबद्दल तर बोलायलाच नको. चमत्कार नाही. पण शून्यही नाही.

राहिला पैसा. थेरपीला पैसा हवा, विशेष शिक्षक हवेत, ते बदलापुरातच मिळावेत. यावर माझे प्रतिपक्षाशी भांडण नाहीच. मात्र विशेष शिक्षणाची तिजोरी आणि प्रयोगशाळेची तिजोरी एकच आहे, उंदीर थांबले की शिक्षक नेमले जातील, हे कुणी सिद्ध केले? आणि उंदरांनी या शिक्षकांना काहीच दिले नाही, हे तर उघड चूक आहे. निवासी संस्थांत राहणाऱ्यांपैकी बरेच जण वयाने केव्हाच प्रौढ झालेले असतात. ‘आता वय गेले, मेंदू पक्का झाला’ हे वाक्य त्यांच्या घरच्यांनी किती वेळा ऐकले असेल? २०१६ मध्ये एमआयटीच्या गुओपिंग फेंग यांच्या गटाने शँक३ जन्मापासून बंद ठेवलेल्या उंदरांत ते जनुक प्रौढपणी चालू केले. अंग चाटून-ओरबाडून जखमा करून घेण्याची लकब कमी झाली. दुसऱ्या उंदरांशी वागणे सुधारले. चिंता मात्र राहिली, हालचालीतला अडखळेपणा राहिला. जनुक लवकर चालू केले तर सुधारणा अधिक झाली. एक जनुक, एक प्राणी, एवढ्याच मर्यादेत हे खरे आहे. पण त्या मर्यादेत ‘वय गेले’ हे वाक्य निम्मे खोटे ठरले आहे. उरलेले निम्मे, म्हणजे इतर उंदरांशी वागणे सुधारूनही चिंता का हटत नाही, हा प्रश्न अजून मोकळा आहे. माझा संशय अमिग्डालावर आहे, आणि एफएमआर१ नसलेल्या उंदरांत तरी तिथला एमग्लुआर५ उलट्या चालीने चालतो हे बंगळुरूने दाखवून दिलेलेच आहे.